न प्यालेल्या बिअरविषयी थोडेसे

शीर्षक वाचून प्राध्यापकवर्गाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील आणि मागच्या बाकावरच्या मित्रांनी हे पान दुमडून ठेवले असेल, ह्याची मला पूर्ण कल्पना आहे. दोघांचीही निराशा होणार आहे. प्रस्तुत लेखकाने आजवर बिअरचा एक थेंबही घेतलेला नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि वर परवाना लागतो. पहिली अट मी गेल्या श्रावणात पुरी केली. दुसरी पुरी करण्याचा विचार नाही.

मग हा नसता उद्योग कशासाठी? त्याचे कारण आमचे मामा. मामा गेली सव्वीस वर्षे मालवाहू जहाजांवर भटारखाना सांभाळतात. पहिल्या फेरीपासून त्यांनी एक छंद जोपासला. परदेशी बिअरच्या गुत्त्यांत ग्लासाखाली जाड पुठ्ठ्याची चकती ठेवतात. त्या चकत्या मामा खिशात घालून आणीत आणि मला देत. आमच्या घरी पत्र्याच्या एका बिस्किटांच्या डब्यात हँबुर्ग, अँटवर्प, डब्लिन, योकोहामा अशा बंदरांच्या एकशे चौदा चकत्या आहेत. इतर मुले क्रिकेटपटूंची चित्रे जमवीत, मी ह्या चकत्यांवरची अक्षरे लावीत बसे. त्यांतून नकाशा पाहायची सवय लागली, नकाशातून इतिहास हा विषय घेतला. एखाद्याला आजीच्या गोष्टींतून वाङ्मयाची गोडी लागते. मला इतिहासाची गोडी लागली ती अशी बिअरच्या ग्लासाखालून.

दुसरे कारण इतके गमतीचे नाही. माझे धाकटे काका दारूने गेले. मी तेव्हा चौथीत होतो. त्यांना बिअर परवडत नसे. आधी देशी आणि शेवटी शेवटी हातभट्टीची. हा लेख लिहायला घेतला तेव्हा आई म्हणाली, ‘‘अरे, एवढे विषय पडलेत जगात, तुला हाच सापडला?’’ आईला त्या वेळी उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर देण्याचा प्रयत्न समजावा.

प्रथम बिअर म्हणजे काय ते पाहू. आपल्या घराघरांत लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करतात. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजायची, दळायची. हेच बार्लीचे केले की झाले माल्ट! मोड येताना दाण्यातली विकरे जागी होतात. पुढे भरडलेले माल्ट गरम पाण्यात कालवले की ती पिठाची साखर करतात. ह्या गोड पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले उकळायची, गार करायचे आणि किण्व, म्हणजे यीस्ट, घालायचे. किण्व साखर खाते आणि तिचे मद्यार्क व वायू करते. बस्स. पाणी, धान्य, कडू फुले आणि किण्व. इडलीचे पीठ ज्या घरात रात्रभर फुगते त्या घराला ह्यात परके असे काही वाटू नये. दारू गाळणे ही निराळी गोष्ट. तिथे आंबवलेले द्रव्य भट्टीवर तापवून त्याची वाफ धरायची. बिअर गाळत नाहीत, म्हणून ती साधारण पाच टक्क्यांच्या आसपास राहते.

आता, चारच जिनसा असताना देशोदेशीची बिअर इतकी वेगळी का? मामांना मी एकदा विचारले होते. मामा म्हणाले, ‘‘बाळा, आपल्या कोकणातली आमटी घाटावर गेली की वेगळी का लागते? पाणी!’’ मामांचे हे उत्तर अर्धे बरोबर आहे.

बोहेमियातल्या पिल्सेन गावची गोष्ट घ्या. १८३८ साली तिथल्या लोकांनी आपल्याच गावची छत्तीस पिंपे नासकी बिअर नगरभवनासमोर रस्त्यात ओतून टाकली. मग गावाने मिळून नवी ब्रुअरी उभारली आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. १८४२ मध्ये त्याने जी बिअर काढली ती सोनेरी आणि काचेसारखी नितळ निघाली. फिकट भाजलेले माल्ट, जवळच्या झाटेट्स परगण्यातले सुवासिक हॉप्स, थंड तळघरांत सावकाश काम करणारे किण्व, आणि पिल्सेनचे अतिशय मृदू, जवळजवळ क्षारविरहित पाणी. आज जगात कुठेही ‘बिअर’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो सोनेरी ग्लास येतो तो ह्या पिल्सेनरचा वंशज. ह्याच्या उलट इंग्लंडातले बर्टन गाव. तिथल्या पाण्यात जिप्समचे प्रमाण मोठे. त्या जड पाण्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, धारदार उठतो. ह्या गावच्या कडवट बिअरी एकोणिसाव्या शतकात जहाजांतून कलकत्त्या-मुंबईच्या गोऱ्या साहेबांसाठी येत. त्यांच्या जातीला ‘इंडिया पेल एल’ हे नाव चिकटले ते चिकटलेच. डब्लिनचे पाणी आणखी निराळे, त्यात कार्बोनेटे अधिक. काळेभोर भाजलेले धान्य आम्लधर्मी असते, ते ह्या पाण्याशी जमवून घेते. म्हणून डब्लिनची स्टाउट काळी आणि पिल्सेनची बिअर सोनेरी. हल्ली पाण्यातले क्षार हवे तसे घालता-काढता येतात. पूर्वी ते येत नसत, आणि जे पाणी वाट्याला येई त्यातून माणसे आपली चव घडवीत.

मामांच्या उत्तराचा राहिलेला अर्धा भाग मात्र मला पुस्तकांत सापडला, आणि तोच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. बिअरची चव पाण्याइतकीच कायद्याने आणि कराने ठरते.

हँबुर्गच्या चकत्यांवर ‘१५१६’ हा आकडा वारंवार दिसे. मला तो ब्रुअरी स्थापन झाल्याचा सन वाटे. पुढे कळले की २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट येथे एक हुकूम काढला: बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी ह्यांखेरीज काही घालायचे नाही. (किण्वाचे नाव त्यात नाही.) ह्याला आज शुद्धतेचा कायदा म्हणून मिरवतात. त्या हुकुमाचा मोठा भाग मात्र भावाविषयी आहे: कोणत्या ऋतूत कोणत्या दराने विकायची. गहू आणि राय भाकरीसाठी राहावेत हाही त्यामागचा हिशेब होता. गव्हाची बिअर बंद झाली का? नाही. पुढे ती काढण्याचा हक्क राजघराण्याने स्वतःकडे ठेवला आणि त्यावर खजिना भरला. शुद्धता प्रजेसाठी, गहू राजासाठी! हा हक्क १८७२ साली गेओर्ग श्नायडर ह्या ब्रुअरने मिळवला, तेव्हा कुठे ती बिअर सामान्य ब्रुअरच्या हाती आली. बव्हेरियातच १५५३ साली आणखी एक हुकूम निघाला: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर काढायचीच नाही. उन्हाळ्यात ती नासे म्हणून. मग हिवाळ्यात काढलेली बिअर उन्हाळाभर थंड तळघरांत साठवून ठेवणे आले. साठवणे ह्या अर्थाच्या जर्मन धातूवरून तिला ‘लागर’ म्हणू लागले. थंडीत टिकणारे किण्वच त्यातून वरचढ ठरले. एका हुकुमामुळे जगातली सर्वांत खपाऊ बिअर पुढे आली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

बेल्जममध्ये १९१९ साली व्हांडरव्हेल्डे ह्या समाजवादी नेत्याच्या पुढाकाराने गुत्त्यांत कडक दारू विकायला बंदी झाली. कामगारांचे कल्याण हा हेतू. जिन बंद झाल्यावर लोकांना कडक काहीतरी हवेच होते, तेव्हा आठ-नऊ टक्क्यांच्या बिअरींना मागणी आली. आज बेल्जमची ओळख असलेल्या कडक बिअरींना ह्या दारूबंदीने हात दिला, हा इतिहासाचा विनोदच.

योकोहामाच्या चकतीची कथा तर अर्थशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे. जपानात बिअरवरचा कर माल्टच्या प्रमाणावर असे. सदुसष्ट टक्के वा अधिक माल्ट, तर ती बिअर आणि कर जबर. १९९४ साली एका कंपनीने पासष्ट टक्के माल्टचे पेय काढले. कायद्याने ते बिअर नव्हे, ‘हाप्पोशू’, आणि म्हणून स्वस्त. सरकारने १९९६ मध्ये तो दर वाढवला, कंपन्यांनी माल्ट पंचवीस टक्क्यांखाली आणले. पुढे तर माल्ट अजिबात न घालता वाटाण्यातल्या प्रथिनांपासून पेय निघाले. बिअरमध्ये वाटाणा! आपल्याकडे उसळीत असतो तो! चव जिभेने ठरवली नाही, करवसुली खात्याने ठरवली.

आणि आपल्याकडे? भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये फार मोठा वाटा ‘स्ट्राँग’चा आहे, सात-आठ टक्क्यांची. भाव इतका की घेणारा हिशेब करतो, ‘ह्या पैशांत चढेल किती?’ जिथे बाटलीची किंमत चवीपेक्षा नशेने मोजली जाते, तिथे चव जन्माला कशी यावी?

माझी आवडती बिअर कोणती असे कुणी विचारले तर, न पिताही, मी एकच नाव घेईन: ब्रुसेल्सजवळची लाम्बिक. अँटवर्पहून आलेली तिची चकती डब्यात सगळ्यांत वर असते. बाकी सारे जग निवडलेले किण्व मोजून घालते. लाम्बिकवाले काहीच घालत नाहीत. थंडीच्या महिन्यांत उकळलेले गोड पाणी माळ्यावरच्या एका रुंद, उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडे ठेवायचे. सेन नदीच्या खोऱ्यातली हवा आणि जुन्या इमारतीचे वासे-भिंती ह्यांतले रानटी किण्व त्यात आपोआप उतरते. मग लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षे. चव आंबट, कोरडी. नव्या-जुन्या लाम्बिक मिसळून ‘ग्यॉझ’ करतात, ते मिश्रण जमवणे ही एक कला. कोळिष्टके झाडायचीसुद्धा काही जुने ब्रुअर टाळतात, कोळी किडे खातात म्हणून आणि जागेचा तोल बिघडू नये म्हणूनही. बेल्जमची ही सारी बिअर-संस्कृती युनेस्कोने २०१६ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

हे मी आजोबांना वाचून दाखवले. आजोबा पंच्याऐंशी वर्षांचे. ते शांतपणे म्हणाले, ‘‘म्हणजे आपली माडीच की!’’

मी चपापलो. खरेच की! आम्ही अलिबागकडचे भंडारी. पणजोबा माड चढत. माडाच्या कोवळ्या पोयीला रोज बारीक काप द्यायचा, खाली मडके बांधायचे, सकाळी थेंब-थेंब जमलेला रस उतरवायचा. पहाटेचा रस गोड. ऊन चढले की हवेतले आणि मडक्यातले रानटी किण्व त्यात काम करू लागते, आणि दुपारपर्यंत तो आंबट, फेसाळ होतो. बाहेरून किण्व घालायचे नाही, काही उकळायचे नाही. सेनच्या खोऱ्यात जी गोष्ट तीन वर्षांत घडते ती आमच्या किनाऱ्यावर चार-सहा तासांत घडे. एकीला युनेस्कोचे मानपत्र. दुसरीचे काय झाले?

दुसरीचे असे झाले. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा आला. माडी काढायच्या माडांवर कर आणि परवाना आला. पुढे १८९२ साली मोहाच्या फुलांचा कायदा आला, आणि तो लागू झाला ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना. कुलाबा म्हणजे आजचा आपला रायगड. रानात पडलेली फुले, जी कातकरी-ठाकर खातही असत, ती जवळ बाळगणे गुन्ह्याच्या कक्षेत आले. ह्याच सरकारच्या छत्राखाली १८५० च्या दशकात कसौलीच्या डोंगरावर एडवर्ड डायर नावाच्या साहेबाने गोऱ्या फौजेची तहान भागवायला ब्रुअरी काढली होती. (जालियनवाला बागेतल्या डायरचे हे वडील.) म्हणजे बार्लीचा फेस हा उद्योग, माडाचा फेस हा महसूल आणि मोहाचे फूल हा गुन्हा! तिन्ही ठिकाणी काम करणारे किण्व बिचारे एकाच कुळातले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले असे म्हणावे, तर १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० मध्ये मुंबई राज्यात संपूर्ण बंदी झाली. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. पणजोबांनी कोयती तेल लावून आढ्याला खोचली आणि मिलमध्ये कामाला मुंबई गाठली. पुढे बंदी सैल झाली, पण तोवर हात मोडले होते. ती कोयती अजून आमच्या आढ्याला आहे. आजोबांना माड चढता येतो, काप द्यायला मात्र येत नाही. ‘‘बघितलं होतं, शिकलो नाही,’’ एवढेच ते म्हणतात.

ही कथा आमची एकट्याची नाही. जुन्या इंग्लंडात एल काढणे हे बायकांचे काम होते. घरची एल करायची, उरली तर दारात खूण लावून विकायची. एल चार दिवसांत आंबे, म्हणून ती शेजारातच खपे. मग हॉप्स आले. हॉप्समुळे बिअर टिकू लागली, टिकू लागली म्हणून लांब जाऊ लागली, लांब जाण्यासाठी पिंपे, गाड्या, भांडवल लागले, आणि १६०० च्या सुमारास धंदा पुरुषांच्या हाती गेलेला दिसतो. एका वेलीच्या फुलाने बाईच्या हातचे काम काढून घेतले.

डर्बनचे तर ह्याहून उघड. तिथून मामांनी चकती आणली नाही. मी रागावलो तेव्हा म्हणाले, ‘‘तिथली खरी बिअर एकाच भांड्यातून हातोहात फिरते, तिला चकती कुठली?’’ ज्वारीच्या माल्टची आणि मक्याची ती दाट, धुरकट बिअर, उम्कोम्बोथी. अंगात जोर कमी, पोटाला आधार जास्त. ती आफ्रिकी बायका करीत. १९०८ मध्ये नाताळ प्रांतात कायदा करून शहरांना ह्या बिअरची मक्तेदारी घेण्याची मुभा दिली. डर्बन नगरपालिकेने आपले बिअर-हॉल काढले, घरची बिअर बेकायदा ठरली, आणि त्या नफ्यातून आफ्रिकी लोकांवरच हुकूमत चालवण्याचा खर्च निघू लागला. १९५९ च्या जूनमध्ये केटो मॅनर वस्तीतल्या बायका ह्याविरुद्ध उठल्या आणि नगरपालिकेच्या बिअर-हॉलवर चालून गेल्या. त्या दारूच्या बाजूने लढल्या की विरुद्ध? त्या लढल्या आपल्या चुलीच्या हक्कासाठी, आणि नवऱ्यांची मजुरी बिअर-हॉलमध्ये जिरू नये म्हणूनही. प्रश्नाची ही दोन्ही तोंडे एकाच वेळी ज्यांना दिसली, त्या बायकांपुढे मला नमस्कार करावासा वाटतो.

आपल्या जुन्या ग्रंथांतही हा प्रश्न आला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे, दंड आहेत, गुत्ते कसे असावेत ह्याचे नियम आहेत. थोडक्यात, तेही सरकार कमाईला चुकलेले नाही. परंतु त्यातच गृहस्थांना सणकार्यासाठी साधी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मोकळीक आहे, आणि सुरेचे व किण्वाचे साहित्य निवडण्याचे काम स्त्रिया व मुलांनी करावे असेही म्हटले आहे. म्हणजे नियंत्रण आणि घरची कला ही दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या करड्या अर्थमंत्र्यालाही सुचले होते.

आता आक्षेपाकडे वळतो. कुणी म्हणेल, ‘‘काका दारूने गेले आणि हा माडीचे पोवाडे गातो!’’ आक्षेप रास्त आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. गडचिरोलीत लोकांनी चळवळ करून १९९३ साली दारूबंदी आणवली. गावोगावी बायका मतदान घेऊन बाटली आडवी करतात, त्यांच्या घरांत काय घडते ते त्यांना ठाऊक आहे आणि मला आमच्या घरात काय घडले ते ठाऊक आहे. मद्य थोडेही सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ मध्ये सांगितले. ह्यांपैकी एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. आडव्या बाटलीचे मतदान आमच्या गावात झाले तर माझी आई रांगेत पहिली असेल आणि मी तिला तिथवर पोहोचवीन.

पण काकांना कशाने मारले, हे नीट पाहिले पाहिजे. काका माडीने गेले नाहीत. माडी त्यांनी पाहिलीही नव्हती. माडी दुपारी आंबट होते, रात्री घशाखाली उतरत नाही, साठवता येत नाही, आणि ती कुणी काढली हे साऱ्या आळीला माहीत असते. ती जाऊन त्या जागी आली गाळलेली दारू. ती कुठून आली हे कुणाला माहीत नाही, कितीही साठवता येते आणि पावशेरात माणूस आडवा होतो. सौम्य आणि कडक, ओळखीचे आणि अनोळखी, ह्यांत ज्या कायद्याला फरक करता येत नाही, त्या कायद्याच्या सावलीत कडक आणि अनोळखी तेच फोफावते. माडी असती तर काका वाचले असते, असे मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण ‘सगळे एकच’ असे म्हणून आपण विषय मिटवला, तेव्हा आपण माणसालाही मिटवले आणि कलेलाही, एवढे मात्र मला वाटते.

इतर देशांनी हा विषय ज्ञानाचा मानला. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत बार्लीचे नमुने तपासणाऱ्या गॉसेट नावाच्या कर्मचाऱ्याने १९०८ साली लहान नमुन्यांचे गणित मांडले. स्वतःच्या नावाने ते छापता येईना, म्हणून त्याने ‘स्टुडंट’ हे टोपणनाव घेतले. अर्थशास्त्राच्या मित्रांनो, परीक्षेत तुमची झोप उडवणारी ‘स्टुडंट टी’ कसोटी ती हीच! कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढवले आणि ब्रुअरीने ते इतरांना मोफत दिले. त्याच प्रयोगशाळेत १९०९ साली सोरेन्सेनने पी. एच. ही मोजणी बसवली. शाळेत लिटमसच्या तासाला आपण ती शिकलो तेव्हा हे कुणी सांगितले नव्हते. अमेरिकेने १९७८ साली घरी बिअर करण्याला कायद्याने मोकळीक दिली. त्या सुमारास तिथे ब्रुअऱ्या शंभराहून कमी उरल्या होत्या, अलीकडे ती संख्या नऊ हजारांच्या पुढे गेली. आपल्याच देशात, आसामातल्या दिमासा जमातीच्या ‘जुडिमा’ ह्या तांदळाच्या मद्याला २०२१ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले. म्हणजे हे आपल्याकडे होऊच शकत नाही असेही नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. कॉलेजच्या आवारात माडी सुरू करा असे मी म्हणत नाही, प्राचार्यांनी निर्धास्त असावे! मी एवढेच म्हणतो की, आपल्या इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी एका सुट्टीत पाच-दहा विद्यार्थी किनाऱ्यावर आणि वाड्यांवर पाठवावेत. माड कसा निवडत, काप किती खोल देत, मडके कशाने धूत, मोहाची फुले कधी वेचत, कोण करीत, कोण पीत, सणाला किती आणि एरवी किती, आणि दारूने कुणाची घरे बसली, हे सारे लिहून घ्यावे. दोन्ही बाजू, एकाच वहीत. ज्यांना हे येत होते अशी माणसे फार थोडी उरली आहेत, आणि ती आजोबांच्या वयाची आहेत. निवाडा करायला पुढे वेळ मिळेल. नोंद करायला मिळेलच असे नाही.

लेख पुरा झाल्यावर आईला वाचून दाखवला. काकांच्या परिच्छेदाशी ती थांबायला म्हणाली आणि थोडा वेळ आत जाऊन आली. मग म्हणाली, ‘‘छापा. पण आजोबांना आधी विचार, पोयीला काप द्यायची वेळ त्यांनी सांगितलीये ती बरोबर आहे का. चुकीचं नको छापूस.’’

आजोबांना विचारले. ते म्हणाले सकाळ-संध्याकाळ, दोन वेळा. वर मी ‘रोज’ एवढेच लिहिले आहे. वाचकांनी कृपया सुधारून घ्यावे.